सेल्सिअस, फॅरनहाइट, केल्विन: एकातून दुसऱ्यात न चुकता कसं जायचं

एका वहीत निरोगी माणसाच्या शरीराचं तापमान १२४.२ °फॅ आलं होतं. दिलं होतं ३७ °से, काढायचं होतं फॅरनहाइट. सूत्रातले सगळे आकडे पोराला बरोबर आठवले होते: ९, ५ आणि ३२. गुणाकारही चोख. फक्त त्यानं ३७ मध्ये ३२ आधी मिळवले आणि आलेल्या ६९ ला ९/५ ने गुणलं. उत्तराखाली झोकात दोन रेघाही मारल्या होत्या.

ही चूक आळसाची नव्हे. सूत्र पाठ होतं, पण त्यातला ३२ तिथे काय करतोय हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते एकदा कळलं की सूत्र विसरलं तरी अडत नाही, कागदाच्या कोपऱ्यात अर्ध्या मिनिटात ते पुन्हा तयार करता येतं. पुढचं सगळं पेन हातात घेऊनच वाचा. नुसतं वाचून हे कळल्यासारखं वाटतं, आणि परीक्षेत पुन्हा १२४.२ येतं.

पायरी १: मापनश्रेणीला दोन प्रश्न विचारा

तापमान मोजायची कोणतीही श्रेणी घ्या, ती बनवणाऱ्याला दोनच गोष्टी ठरवाव्या लागल्या असतात. शून्य कुठे ठेवायचं? आणि एक अंश केवढा धरायचा?

लांबी मोजताना पहिला प्रश्न येतच नाही. शून्य इंच म्हणजे शून्य सेंटिमीटरच. म्हणून इंचाचे सेंटिमीटर करताना २.५४ ने गुणलं की काम संपतं. तापमानात मात्र प्रत्येकानं आपलं शून्य वेगळ्या जागी ठोकलं आहे. त्यामुळे गुणाकाराच्या जोडीला बेरीज-वजाबाकी येते. ३२ हा आकडा म्हणजे या सरकलेल्या शून्याची भरपाई, आणि ९/५ म्हणजे दोन अंशांच्या आकारातला फरक. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यानं १७२४ मध्ये आपली श्रेणी मांडली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं तापमान त्यानं शून्य धरलं. नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या अंगाला ९६. हे आकडे आज विचित्र वाटतात, पण ३२ आणि ९६ मधलं अंतर ६४ आहे, आणि ६४ चे निम्मे-निम्मे भाग करत गेलं की काचेच्या नळीवर खुणा करायला सोपं जातं. पुढे ही श्रेणी पाण्याच्या गोठणबिंदूला ३२ आणि उत्कलनबिंदूला २१२ अशी पक्की बांधली गेली, आणि अंगाचं तापमान ९६ वरून सरकून ९८.६ च्या आसपास आलं.

स्वीडनमधल्या उप्साला इथला खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यानं १७४२ मध्ये पाण्याच्या दोन बिंदूंमध्ये सरळ शंभर भाग केले. गंमत म्हणजे त्याची श्रेणी उलटी होती: पाणी उकळतं तिथे शून्य, गोठतं तिथे शंभर. काही वर्षांतच ती सुलटी झाली. 'सेंटिग्रेड' हे नाव १९४८ मध्ये अधिकृतपणे गेलं आणि 'सेल्सिअस' आलं. म्हणजे जुन्या पुस्तकात अंश सेंटिग्रेड दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ते सेल्सिअसच.

केल्विनचं शून्य या दोघांपेक्षा वेगळ्या जातीचं आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये कोणत्याही पदार्थाच्या लहरीवर अवलंबून नसलेल्या श्रेणीची कल्पना मांडली. आजच्या केल्विन श्रेणीत शून्य आहे ते निरपेक्ष शून्यावर, ज्याच्या खाली थंड होणं नाही. अंशाचा आकार मात्र सेल्सिअसचाच ठेवला आहे.

आता वहीत एवढं लिहून घ्या, पाठ करायचं ते एवढंच:

पाणी गोठतं: ० °से, ३२ °फॅ, २७३.१५ केल्विन
पाणी उकळतं: १०० °से, २१२ °फॅ, ३७३.१५ केल्विन
निरपेक्ष शून्य: −२७३.१५ °से, −४५९.६७ °फॅ, ० केल्विन

पाण्याचे दोन्ही बिंदू सामान्य वातावरणीय दाबाला धरले आहेत. उंच डोंगरावर पाणी १०० °से च्या आधीच उकळतं, त्यात श्रेणीचा दोष नाही.

पायरी २: सूत्र स्वतः बनवा

पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंत सेल्सिअसमध्ये १०० पावलं पडतात. तेवढंच अंतर फॅरनहाइटमध्ये २१२ वजा ३२, म्हणजे १८० पावलांचं. १०० ला १८०, म्हणजे ५ ला ९. सेल्सिअसची पाच पावलं म्हणजे फॅरनहाइटची नऊ. हे साधं त्रैराशिक आहे.

आता ३७ °से घ्या. याचा अर्थ गोठणबिंदूपासून सेल्सिअसची ३७ पावलं वर. तीच पावलं फॅरनहाइटची किती? ३७ गुणिले ९ म्हणजे ३३३, भागिले ५ म्हणजे ६६.६. इथे थांबून विचार करा: हे ६६.६ कुठून मोजले? गोठणबिंदूपासून. पण फॅरनहाइटमध्ये गोठणबिंदूवर आधीच ३२ लिहिलेलं आहे. म्हणून ६६.६ अधिक ३२, म्हणजे ९८.६ °फॅ.

फॅ = (से × ९/५) + ३२

वहीतल्या त्या पोरानं काय केलं ते आता दिसेल. त्यानं ३२ हे सेल्सिअसच्या पावलांत मिसळले आणि मग सगळ्यांनाच ९/५ ने फुगवलं. ३२ आहेत फॅरनहाइटचे अंश, ते गुणाकारात जायलाच नको होते.

पायरी ३: उलट येताना क्रमही उलटा

पेटी मिटून कुलूप लावलं असेल तर उघडताना आधी कुलूप काढावं लागतं, मग झाकण. तसंच हे. जाताना शेवटी ३२ मिळवले, तर येताना सगळ्यात आधी ३२ वजा करायचे.

से = (फॅ − ३२) × ५/९

१०४ °फॅ चे सेल्सिअस करू. १०४ वजा ३२ म्हणजे ७२. आधी ९ ने भागा: ८. मग ५ ने गुणा: ४०. उत्तर ४० °से. भागाकार आधी केला की आकडे लहान राहतात, तोंडी हिशेब जमतो. ९ ने भाग जात नसेल तर मात्र आधी ५ ने गुणा, नाहीतर दशांशाच्या शेपट्या वाढत जातात.

घोडं पेंड खातं ते उणे संख्यांपाशी. −१३ °फॅ घ्या. वजाबाकी लिहा: −१३ − ३२. पुष्कळजण इथे घाईत १९ किंवा −१९ लिहितात, कारण डोक्यात ३२ मधून १३ गेलेले असतात. उभी रेघ काढून पाहा: शून्याखाली १३ पावलांवर उभे आहात आणि आणखी ३२ पावलं खाली जायचंय. म्हणजे −४५. भागिले ९: −५. गुणिले ५: −२५. उत्तर −२५ °से. कॅल्क्युलेटर वापरत असाल तर कंस टाकायला विसरू नका. कंस न टाकता −१३ − ३२ × ५ ÷ ९ असं दाबलं तर यंत्र आधी ३२ चा गुणाकार-भागाकार उरकतं आणि सुमारे −३०.८ दाखवतं. उत्तर चुकलंय हे ते सांगणार नाही.

पायरी ४: केल्विन, सगळ्यात सोपी

अंश तेवढाच, फक्त शून्य सरकलेलं. म्हणून गुणाकार नाहीच.

केल्विन = से + २७३.१५

२५ °से म्हणजे २९८.१५ केल्विन. शाळेतल्या गणितात २७३ धरलेलं चालतं, पण एकाच उदाहरणात एकदा २७३ आणि एकदा २७३.१५ असं करू नका.

लिहिताना 'अंश केल्विन' म्हणू नये आणि ° ही खूणही लावू नये. १९६७ पासून ते अधिकृतपणे नुसतं 'केल्विन' आहे, जसं मीटर किंवा सेकंद. गुण कापणारे परीक्षक याच जागी कापतात.

फॅरनहाइटवरून केल्विनला जायचं असेल तर सेल्सिअसमार्गे जा. ५ °फॅ: ५ − ३२ = −२७, भागिले ९ म्हणजे −३, गुणिले ५ म्हणजे −१५ °से, अधिक २७३.१५, म्हणजे २५८.१५ केल्विन. थेट जाणारं सूत्रही आहे, पण तिसरं सूत्र पाठ करून तिसरी चूक करायची संधी कशाला वाढवायची?

पायरी ५: तापमान की तापमानातला फरक?

इथे जरा बैठक मारा, कारण सूत्र बरोबर वापरूनही उत्तर चुकतं ते इथे.

'तापमान २ °से आहे' आणि 'तापमान २ °से ने वाढलं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याचं फॅरनहाइट ३५.६. दुसऱ्याचं ३.६. दुसऱ्यात ३२ मिळवायचे नाहीत, कारण फरक काढताना शून्य कुठे आहे याचा संबंधच उरत नाही. दोन्ही टोकांना ३२ मिळवले असते, आणि वजाबाकीत ते उडाले असते. हवामानबदलाच्या बातम्यांत '२ अंश सेल्सिअसची वाढ, म्हणजे ३५.६ अंश फॅरनहाइट' असं कधी दिसलं तर ते याच गफलतीचं फळ समजा. तेवढी वाढ खरंच झाली असती तर बातमी लिहायच्या मनःस्थितीत कुणी राहिलं नसतं.

फरकांचा हिशेब असा:

१ °से चा फरक = १ केल्विनचा फरक = १.८ °फॅ चा फरक

एक गणित करून पाहू. २ किलोग्रॅम पाणी २० °से वरून ७० °से वर न्यायचं. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक किलोग्रॅम पाणी एका केल्विनने तापवायला लागणारी उष्णता, ४१८६ ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति केल्विन दिली आहे. 'केल्विन' शब्द पाहिला की विद्यार्थी ५० मध्ये २७३.१५ मिळवून मोकळा होतो आणि ३२३.१५ ने गुणतो. नको. फरक ५० °से, म्हणजेच ५० केल्विन. उष्णता = २ × ४१८६ × ५० = ४,१८,६०० ज्यूल.

आता उलट बाजू. जिथे तापमानांचं गुणोत्तर येतं, तिथे केल्विनशिवाय गत्यंतर नाही. घट्ट बंद, न फुगणाऱ्या डब्यातला वायू २७ °से वरून १२७ °से वर तापवला. अशा डब्यात दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. मग तो किती पट झाला? १२७ भागिले २७ केलं तर ४.७ येतं, आणि ते साफ चूक. केल्विन करा (इथे २७३ पुरे): ३०० आणि ४००. दाब ४/३ पट, म्हणजे सव्वापटीच्या थोडा वर.

असं का? समजा दोन मुलांची उंची जमिनीपासून न मोजता ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलाच्या पृष्ठभागापासून वर मोजली. ८५ सेंटिमीटरचं मूल १० भरलं, ९५ चं २० भरलं. म्हणून दुसरं मूल पहिल्याच्या दुप्पट उंच झालं का? सेल्सिअसचं शून्य म्हणजे हे टेबल. कोण कितीने उंच हे टेबलावरून मोजलं तरी बरोबर येतं, १० सेंटिमीटर. किती पट उंच, हे विचारायचं तर जमिनीवरूनच मोजायला हवं, आणि तापमानाची जमीन म्हणजे निरपेक्ष शून्य. ४० °से हे २० °से च्या दुप्पट गरम नाही. ३१३.१५ भागिले २९३.१५ करून पाहा, जेमतेम सात टक्के जास्त आहे.

पायरी ६: ताळा

उत्तर आलं की ताळा केल्याशिवाय पान उलटायचं नाही. त्यासाठी हाताशी काही खुंट्या हव्यात. ५ ला ९ हे प्रमाण आठवा आणि ३२ पासून नऊ-नऊने चढत जा: ० ला ३२, ५ ला ४१, १० ला ५०, १५ ला ५९, २० ला ६८, २५ ला ७७, ३० ला ८६, ३५ ला ९५, ४० ला १०४. तुमचं उत्तर योग्य दोन खुंट्यांच्या मध्ये पडतंय का ते बघा. ३७ हे ३५ आणि ४० च्या मधलं, म्हणजे उत्तर ९५ आणि १०४ च्या मधलंच यायला हवं. १२४.२ तिथेच पकडलं गेलं असतं.

तोंडी करायची एक युक्ती मला फार आवडते, कारण ती अदमास नाही, तंतोतंत आहे. सेल्सिअसची दुप्पट करा, त्या दुपटीचा दहावा भाग वजा करा, ३२ मिळवा. ३५ ची दुप्पट ७०, त्यातून ७ गेले ६३, अधिक ३२ म्हणजे ९५. दोन पटीतून तिचा दशांश काढला की १.८ पटच उरते, आणि १.८ म्हणजेच ९/५. उलट येताना: ३२ वजा करा, निम्मे करा, त्या निम्म्याचा नववा भाग त्यातच मिळवा. १०४ मधून ३२ गेले ७२, निम्मे ३६, नववा भाग ४, एकूण ४०. 'दुप्पट करून ३० मिळवा' हा ढोबळ नियम बरेचजण सांगतात. तो १० °से ला अचूक आहे, ३५ ला पाच अंशांनी चुकतो आणि १०० ला अठरा अंशांनी. वाऱ्यावरच्या गप्पांत ठीक, वहीत नको.

आणखी एक खुंटी: −४०. इथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात. विश्वास नसेल तर सूत्रात दोन्हीकडे क्ष ठेवा. क्ष = ९क्ष/५ + ३२, म्हणजे −४क्ष/५ = ३२, म्हणजे क्ष = −४०. याच्या वर फॅरनहाइटचा आकडा नेहमी मोठा, याच्या खाली नेहमी लहान.

पायरी ७: दशांश किती ठेवायचे

३७ °से चं रूपांतर ९८.६ °फॅ होतं, आणि त्या .६ मुळे ते फार काटेकोर मोजमाप वाटतं. कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरनं १८६८ मध्ये निरोगी शरीराचं सरासरी तापमान म्हणून ३७ °से हा गोळाबेरीज आकडा दिला. नुसतं '३७' म्हणजे ३६.५ ते ३७.५ मधलं काहीही, म्हणजेच ९७.७ ते ९९.५ °फॅ. रूपांतरात जन्मलेल्या दशांशाला लोक सीमारेषा समजू लागले. दिलेल्या आकड्यात जेवढी अचूकता असेल तेवढीच उत्तरात ठेवा. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५५०० °से दिलं असेल तर केल्विनमध्ये ५७७३.१५ लिहिणं हास्यास्पद आहे. सुमारे ५८०० केल्विन लिहा.

पायरी ८: बिघडलेली तापमापी

हे उदाहरण परीक्षेत हमखास येतं, आणि वरचं सगळं समजलं असेल तर त्यात नवं काही नाही. एक तापमापी वितळत्या बर्फात ५ दाखवते आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत ९५. ती ४१ दाखवत असेल तर खरं तापमान किती?

तेच दोन प्रश्न. हिचं गोठणबिंदूचं घर ५ वर आहे. हिची ९० पावलं म्हणजे सेल्सिअसची १००. ४१ वजा ५ म्हणजे ३६ पावलं. ९० ला १००, तर ३६ ला ४०. खरं तापमान ४० °से. फॅरनहाइट ही सुद्धा अशीच एक 'बिघडलेली' तापमापी समजा, बर्फात ३२ दाखवणारी आणि वाफेत २१२. जुन्या युरोपीय लिखाणात भेटणारी रेओम्यूरची श्रेणीही याच साच्यात बसते: बर्फात ०, वाफेत ८०. अमेरिकी अभियांत्रिकी पुस्तकांतली रँकिन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले फॅरनहाइटचे अंश, म्हणून फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवले की झालं.

आता चार गणितं स्वतः सोडवा. उत्तरं खाली आहेत, हाताने झाका.

(१) अंटार्क्टिकातल्या वोस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी −८९.२ °से नोंदलं गेलं. फॅरनहाइटमध्ये किती?
(२) द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. सेल्सिअस आणि फॅरनहाइट?
(३) रात्रीतून तापमान ४५ °फॅ ने उतरलं. सेल्सिअसमध्ये कितीने उतरलं? केल्विनमध्ये?
(४) −४६० °फॅ चे केल्विन करा.

पहिल्याचं −१२८.६ °फॅ. हे −४० च्या खालचं आहे, म्हणून फॅरनहाइटचा आकडा लहान आला, ताळा जुळला. दुसऱ्याचं सुमारे −१९६ °से आणि −३२१ °फॅ. तिसऱ्यात ३२ ला हात लावला नसेल तर २५ °से, आणि केल्विनमध्येही २५च. चौथ्यात −४६० − ३२ = −४९२, त्याला ५/९ ने गुणून −२७३.३३ °से, आणि केल्विनमध्ये −०.१८ येतं. पायरी न् पायरी बरोबर आहे. पण शून्य केल्विनहून थंड काहीच नसतं, म्हणून उत्तराच्या जागी लिहायचं: असं तापमान अस्तित्वात नाही.